सहा वर्षांखालचीं मुलें आणि आपण

मागील वर्षीं पुण्यांतील एका सामाजिक मंडळाच्या वार्षिक सभेस जाण्याचा प्रसंग आला. विषय मोठा भारदस्त होता : ‘वस्त्यांतील मातांचें प्रबोधन’. वक्त्या विद्वान होत्या, सभागृह वातानुकूलित होतें, आणि श्रोतृवर्ग आपल्यासारखाच होता. म्हणजे ज्याचीं स्वतःचीं मुलें चांगल्या शाळांतून शिकून मार्गीं लागलीं आहेत, आणि ज्याला आतां उरलेल्या वेळांत समाजाचें कांहीं बरें करावें असें प्रामाणिकपणें वाटतें. वक्त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें : मुलाच्या बुद्धीची घडण पहिल्या पांचसहा वर्षांत होते, त्या वर्षांत आईनें मुलाशीं बोलावें, त्याला गोष्टी सांगाव्या, त्याच्याबरोबर खेळावें, त्याच्या हातीं मोबाइल देऊं नये, गरीब वस्तींतील आयांना हें ठाऊक नसतें, म्हणून त्यांचीं मुलें शाळेंत मागें पडतात, सबब मंडळानें दर महिन्यास वस्तींत एक व्याख्यान करावें. टाळ्या झाल्या. त्यांत माझ्याही होत्या.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं, आमच्या घरीं धुण्याभांड्यास येणाऱ्या बाईंना मीं सहज विचारलें, “धाकटीशीं बोलतां कीं नाहीं तुम्ही?” त्या सहा वर्षें आमच्याकडे येत आहेत. त्यांना एक धाकटी मुलगी आहे हें मला ठाऊक होतें. कारण तिच्या बाळंतपणाच्या वेळीं दुसरी बाई मिळेपर्यंत आमची किती ओढाताण झाली, हें माझ्या चांगलें लक्षांत होतें! हातांतलें पातेलें खालीं ठेवून त्या म्हणाल्या, “काका, मी निघते तेव्हा ती झोपलेली असते. दुपारी जाऊन भाकरी टाकते, की परत संध्याकाळची दोन घरं. रात्री तिला माझ्याशी बोलायचं असतं अन् मला झोप आवरत नाही. दिवसभर थोरली सांभाळते की तिला.” थोरली किती वर्षांची? नऊ. आणि तिची शाळा? “जाते की. मी घरी असते त्या दिवशी जाते.”

या उत्तरानंतर आदल्या दिवशींच्या टाळ्या मला सोसवेनात. ज्या बाईला मुलाशीं बोलावें कसें हें शिकविण्यासाठीं आम्ही मंडळ काढूं पाहत होतों, तिचा मुलाशीं बोलण्याचा वेळ आमच्याच स्वयंपाकघरांत खर्च होत होता. तिला अज्ञान नाहीं. तिला उसंत नाहीं. या दोहोंतला फरक जोंवर आपल्या वर्गाच्या ध्यानांत येत नाहीं, तोंवर शहरांतील गरीब मुलांच्या बालविकासासंबंधीं आपण जें जें बोलूं तें तें व्यर्थ, किंबहुना अन्यायाचेंच होईल, असें माझें स्पष्ट मत झालें आहे.

प्रथम अज्ञानाचा आरोप तपासून पाहूं. मुलाला मांडीवर घेऊन हलवावें, त्याच्या बोबड्या शब्दाला शब्द द्यावा, चिऊकाऊचे घांस भरवावे, चांदोबा दाखवावा, हें महाराष्ट्रांतील बाईला कोण्या पदवीधरानें शिकविलेलें नाहीं. जात्यावरची ओवी, पाळणा, बडबडगीत ही सारी संपत्ति ज्या बायकांनीं निर्माण केली व पिढ्यान्पिढ्या जतन केली, त्यांतील बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या नाती आज मराठवाड्यांतून, सोलापुराकडून शहराच्या पत्र्याच्या खोलींत येऊन राहिल्या आहेत. त्यांचें जातें गेलें, अंगण गेलें, सासूनणंद गांवाकडे राहिली; ओवी मात्र त्यांच्या अडाणीपणानें हरवली, असें आपण म्हणतों!

उलट आपल्या घरचा हिशेब करूं. माझीं मुलें लहान असतांना त्यांच्याशीं बोलत कोण होतें? माझी आई होती, शेजारच्या काकू होत्या, वाड्याचा चौक होता. मी स्वतः उत्तरपत्रिकांत डोकें घालून बसलेला असें, आणि पत्नी शाळेंत शिकवावयास जात असे. आम्हां दोघांस बालसंगोपनाचें विशेष ज्ञान होतें असें मुळींच नाहीं; आम्हांस माणसें होतीं, जागा होती, आणि घरकामाला बाई होती. आतांच्या तरुण जोडप्यांस आजी व वाडा दोन्ही दुर्लभ झालीं, तेव्हां त्यांनीं काय केलें? दोन-अडीच वर्षांचें मूल भरभक्कम फी देऊन पाळणाघरांत किंवा खेळगटांत पाठविलें. त्यांच्यापुढें मुलाशीं बोलण्याच्या महत्त्वावर व्याख्यान द्यावयास कोणी गेलें नाहीं. म्हणजे अडचण एकच. पैसे असलेल्याला तिच्यावर सोय मिळते, आणि पैसे नसलेल्याला उपदेश मिळतो.

पहिल्या वर्षांचें महत्त्व मी नाकारीत आहें असें कोणी समजूं नये. त्याबद्दल शास्त्रज्ञांत आज फारसा मतभेद उरलेला नाहीं. वेस्ट इंडीजमधील जमैका बेटावर, किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांत, १९८६-८७ सालीं झालेला प्रयोग या बाबतींत प्रसिद्ध आहे. कुपोषणानें खुरटलेलीं, नऊ महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतचीं १२९ मुलें त्यांत घेतलीं होतीं. त्यांपैकीं कांहींच्या घरीं दोन वर्षें, आठवड्यांतून एक तास, आरोग्यसेविका जात. टाकाऊ वस्तूंचीं खेळणीं बरोबर नेत, आणि आई व मूल यांच्याबरोबर बसून खेळत. वीस वर्षांनीं तीं मुलें मिळवतीं झालीं, तेव्हां अशी भेट ज्यांना मिळाली नव्हती त्यांच्याहून त्यांची कमाई सुमारें २५ टक्क्यांनीं अधिक आढळली.

या प्रयोगाचा दाखला आमच्या प्रबोधनवाद्यांस फार आवडतो. परंतु ते त्यांतील दोन गोष्टी सोयीस्करपणें विसरतात. एक अशी कीं, त्या सेविका आईला सभेस बोलावीत नव्हत्या. त्या तिच्या दारीं जात होत्या, आणि एकदां नव्हे, तर दोन वर्षें जात होत्या. दुसरी अशी कीं, त्या तासाला आई मुलाजवळ असे. आमच्या शहरांत सकाळीं दहा वाजतां कोणी सेविका वस्तींत गेली, तर तिला दार उघडणारी व्यक्ति बहुधा नऊ वर्षांची असेल. म्हणून आमच्याकडे नुसत्या भेटीनें भागणार नाहीं. आई कामावर असतांना मूल जेथें सुखरूप राहील, जेवेल, झोपेल आणि खेळेल अशी जागा पाहिजे.

अशी जागा असावी ही कल्पना नवी नाहीं. आणि ती गरिबांच्याच मुलांसाठीं निघाली होती, याचें आपणां सुशिक्षितांस विस्मरण झालें आहे. मारिया माँटेसोरी यांचें पहिलें बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजीं रोमच्या सान लोरेन्झो या मजूर वस्तींत उघडलें. तेथील चाळी बांधणाऱ्या मंडळीस एक चिंता पडली होती : आईबाप कामावर गेले म्हणजे मागें राहिलेलीं मुलें भिंती खराब करीत. त्या भिंतींच्या रक्षणासाठीं त्यांनीं चाळींतच एक खोली दिली, आणि त्या खोलींतून जगाची बालशिक्षणाची दृष्टि पालटली. चाळींतच खोली, आईबापांच्या कामाच्या वेळीं उघडी, आणि मुलें मजुरांचीं, हें त्या संस्थेचें मूळ रूप. आज आमच्या शहरांत ‘माँटेसोरी’ ही पाटी दिसली कीं ती कोणाच्या मुलांसाठीं असते, हें सांगावयास नको.

महाराष्ट्रांतही तसेंच घडलें. ताराबाई मोडक यांनीं गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ सालीं नूतन बाल शिक्षण संघ काढला. पुढें १९४५ सालीं त्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डीस गेल्या. तेथें अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर हें काम वाढलें. गरिबांचीं मुलें बालवाडींत येत नाहींत असें दिसतांच, हे पालक अडाणी आहेत असा शेरा मारून ताराबाई स्वस्थ बसल्या नाहींत. त्यांनीं बालवाडीच उचलून मुलांच्या अंगणांत नेली. विकतच्या साधनांऐवजीं शंखशिंपले, बिया, खडे, पानें घेतलीं. ‘अंगणवाडी’ हा शब्द तेथला आहे. मूल संस्थेकडे येत नसेल तर संस्थेनें मुलाकडे जावें, हें त्या शब्दाच्या पोटांत सांठविलेलें तत्त्व आहे.

२ ऑक्टोबर १९७५ रोजीं केंद्र सरकारनें एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हां हाच शब्द साऱ्या देशानें घेतला. शब्द घेतला, तत्त्व मात्र शहरांत पोंचतां पोंचतां क्षीण झालें. आरंभींच्या ३३ प्रकल्पांपैकीं शहरी वस्त्यांच्या वांट्यास अवघे ४ आले होते. पुढें संख्या पुष्कळ वाढली, तरी शहरांतील अंगणवाडीला अंगण नाहीं हें सत्य फारसें बदललें नाहीं. भाड्याची एक खोली, तिच्यांत धान्याचीं पोतीं, वजनकाटा, नोंदवह्या, आणि उरलेल्या जागेंत मुलें! शिवाय ती कांहीं तासांत मिटते. ज्या आईचें काम सायंकाळीं संपतें, तिच्या मुलाला दुपारीं सोडून देणारी अंगणवाडी ही तिच्या दृष्टीनें खिचडीचें केंद्र होय, मुलाचा आसरा नव्हे. आणि तीन वर्षांखालच्या मुलास तर तेथें दिवसभर ठेवण्याची सोय बहुधा नसतेच.

ज्या बाईवर हा सारा डोलारा उभा आहे, तिला आपण वेतन देत नाहीं, ‘मानधन’ देतों. शब्दाची ही योजना पाहण्यासारखी आहे. धन कमी पडलें म्हणजे मान पुढें करावयाचा! २०१८ सालीं केंद्रानें आपल्या हिश्शाचें सेविकेचें मानधन महिना ३,००० वरून ४,५०० रुपयांवर नेलें. राज्यें त्यांत आपापली भर घालतात. त्या मोबदल्यांत तिनें मुलांचीं वजनें घ्यावीं, आहार वांटावा, गरोदर स्त्रियांच्या घरीं जावें, लसीकरणाच्या दिवशीं माणसें गोळा करावीं, २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’वर रोजची नोंद भरावी, आणि वेळ उरल्यास मुलांस शिकवावें. अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना उपदान मिळण्याचा हक्क आहे, हें ठरावयास २०२२ सालीं सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावें लागलें. शाळेच्या शिक्षकाला पगार आणि बालवाडीच्या बाईला मानधन, या भेदाचा अर्थ एवढाच कीं सहाव्या वर्षापूर्वींचें शिक्षण हें आपण शिक्षणच मानीत नाहीं.

हें सहावें वर्ष आपल्या सार्वजनिक जीवनांत मोठें विलक्षण होऊन बसलें आहे. गोखल्यांनीं १९११ सालीं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें विधेयक मांडलें, तेंही सहा ते दहा वर्षांच्या मुलांपुरतें होतें. त्या काळीं तेंही फार वाटलें आणि विधेयक पडलें. पुढें राज्यघटनेच्या ४५ व्या कलमानें चौदा वर्षें पुरीं होईपर्यंत सर्व मुलांना मोफत व सक्तीचें शिक्षण देण्याचें ध्येय राज्यापुढें ठेविलें. त्यांत खालची वयोमर्यादा नव्हती. ती २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीनें आली. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस मूलभूत हक्क मिळाला. सहा वर्षांखालच्यांसाठीं राज्यानें प्रयत्न करावा, असें मार्गदर्शक तत्त्व उरलें. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें तीन ते सहा वर्षांच्या मुलांकरितां सरकार व्यवस्था ‘करूं शकेल’ असें म्हटलें. ‘करील’ असें म्हटलें नाहीं. आणि २०२० चें राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगतें कीं, मेंदूच्या विकासाचा ८५ टक्क्यांहून अधिक भाग सहा वर्षांपूर्वींच होतो! म्हणजे इमारतीचा पाया व भिंती झाल्यावर, छप्पर घालावयाच्या वेळीं राज्य हक्काची भाषा बोलूं लागतें.

कामकरी आईच्या बाबतींतही कायद्याचा असाच प्रकार आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यानें ५० हून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत पाळणाघर आवश्यक केलें. १९७६ मध्यें ती संख्या ३० वर आणली. २०१७ च्या मातृत्वलाभ दुरुस्तीनें ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराचें बंधन घातलें. उत्तम! परंतु आमच्याकडील बाई ज्या घरांतून काम करतात, त्यांपैकीं एकही घर ‘आस्थापना’ नाहीं. पन्नास घरांत पन्नास बाया राबल्या तरी त्यांचा एक कारखाना होत नाहीं. मालक आपण सारे आहोंत. पण सुटे सुटे असल्यामुळें कायद्याला दिसत नाहीं, आणि तो दिसत नाहीं याचें आपणांस दुःखही नाहीं.

येथें तीन आक्षेप येतील. पहिला : लहान मुलाचें स्थान आईच्या कुशींत आहे, पाळणाघरांत नव्हे. हें म्हणणारा गृहस्थ आपल्या घरच्या बाईला उद्यांपासून भरपगारी सुटी देणार असेल, तर मी त्याच्याशीं वाद घालणार नाहीं. तो तसें करणार नाहीं. तिनें एक दिवस दांडी मारली तर तो कुरकुर करील. मग त्याचा आक्षेप पाळणाघराला नसून, त्या मुलाच्या अस्तित्वालाच आहे असें म्हणावें लागतें.

दुसरा आक्षेप : पोसवत नाहींत तर मुलें होऊं कशाला द्यावीं? या प्रश्नाचें उत्तर कांहीं असो, तें जन्मास आलेल्या मुलावर लादतां येत नाहीं. तीन वर्षांच्या मुलीनें आपले आईबाप निवडलेले नसतात. शिवाय बहुतेक आक्षेपक समजतात तशी या घरांतून मुलांची खोगीरभरती आतां नाहीं. आमच्या बाईंना दोनच मुली आहेत, आणि माझ्या आईला आम्ही पांच होतों.

तिसरा आक्षेप पैशाचा. २०१७ सालीं अंगणवाडींतील साध्या मुलाच्या आहाराचा दर वाढवून दिवसाला ६ वरून ८ रुपये करण्यांत आला. एवढी काटकसर करणाऱ्या राष्ट्राला उधळपट्टीची भीति दाखविणें हास्यास्पद आहे. आणि हा पैसा कोणाचा? जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर आयोगापुढें हेंच विचारलें होतें : सरकारचा महसूल राबणाऱ्या रयतेच्या श्रमांतून येतो, मग शिक्षणाचा पैसा वरच्या वर्गांवर कां खर्च व्हावा? वरचे लोक शिकले कीं विद्या आपोआप खालीं झिरपेल, ही समजूत त्यांनीं तेव्हांच फोल ठरविली. आज विद्येऐवजीं उपदेश झिरपविण्याचा आपला बेत आहे, इतकेंच.

हा पैसा पुढें दामदुपटीनें परत येतो, असें अर्थशास्त्री सिद्ध करतात. तें खरें असेल. जमैकाचा प्रयोग मीं वर सांगितलाच आहे. परंतु केवळ त्या आधारावर मागणी करणें मला बरें वाटत नाहीं. मूल हें कांहीं कर्जरोखा नव्हे. पुढें त्याची कमाई वाढो न वाढो, आज त्याला भूक आहे, भीति आहे, प्रश्न आहेत, आणि त्यांना उत्तर देणारें मोठें माणूस जवळ असणें हा त्याचा आजचा हक्क आहे.

तेव्हां मागावयाचें काय? शहरांतील प्रत्येक वस्तींत अंगणवाडी पूर्ण दिवस चालावी, आणि तिला तीन वर्षांखालच्या मुलांचें पाळणाघर जोडलेलें असावें. २०२२ पासून ‘पाळणा’ या नांवानें केंद्राची तशी योजना आहे. ती कांहीं केंद्रांपुरती न राहतां सार्वत्रिक व्हावी. सेविकेस वेतन मिळावें. शिक्षणाचा व संगोपनाचा हक्क सहाव्या वर्षापासून नव्हे, जन्मापासून मानला जावा. आणि जागेचें म्हणाल, तर आपल्या गृहसंस्थांचे सभागृह सकाळपासून सायंकाळपर्यंत कुलुपांत असतात. त्याच संस्थांत राबावयास येणाऱ्या बायकांचीं मुलें तेथें कां राहूं नयेत? सभासदांनीं दरमहा थोडी वर्गणी काढली, तर शिकलेली एक बाई व एक मदतनीस ठेवणें अवघड नाहीं. हा मुद्दा मीं आमच्या संस्थेच्या बैठकींत मांडला. “सभागृहाच्या भिंती खराब होतील,” असें उत्तर मिळालें. रोमच्या चाळमालकांनीं भिंती वांचविण्यासाठीं मुलांना खोली दिली. आम्ही भिंती वांचविण्यासाठीं मुलांना बाहेर ठेवितों. शंभराहून अधिक वर्षांत आम्हीं केलेली ही प्रगति!

तरी मी तो विषय पुढील बैठकींत पुन्हां मांडणार आहें. दरम्यान आमच्या घरापुरतें आम्हीं एवढें केलें कीं बाईंची सायंकाळची पाळी बंद केली, पगार तोच ठेविला. यांत मोठेपणा कांहीं नाहीं, आणि यानें प्रश्नही सुटत नाहीं. एका घराच्या सौजन्यानें चार घरांचा दिवस लहान होत नाहीं. थोरली अजून आठवड्यांतून दोनतीन दिवस शाळा बुडविते. तिच्या वर्गांत शिक्षक हजेरी घेतात, तेव्हां तिच्या नांवापुढें गैरहजर असा शेरा पडतो. पण ती कोठें हरवलेली नसते. ती एका बंद खोलींत, आपल्या बहिणीला गोष्ट सांगत बसलेली असते. म्हणजे आपण मोठ्या माणसांनीं करावयाचें काम ती करीत असते. गैरहजर कोण, याचा विचार वाचकांनीं करावा.